डावीकडची सीट

शनिवार, १२ जानेवारी २००८

ही रोजनिशी कंपनीने नव्या वर्षानिमित्त वाटली. दर वर्षी मिळते आणि दर वर्षी कोरीच राहते. यंदा मात्र लिहिणार, कारण लिहिण्यासारखं घडतंय. चार वर्षं हैदराबादच्या ऑफिसात मान मोडून काम केलं, त्याचं फळ म्हणून मी, वैजनाथ, वय एकोणतीस, मुक्काम मूळचा वाशिम, सोमवारपासून पुण्यात प्रोजेक्ट लीड झालो. हिंजवडीला खिडकीजवळची जागा, वाकडला दोन खोल्यांचा फ्लॅट आणि एप्रिलमध्ये दोन वर्षांसाठी अमेरिका. आईला फोनवर हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि जेवलास का विचारलं.

वाकड ते ऑफिस सहा किलोमीटर. कंपनीच्या बसला पाऊण तास लागतो. शेजारून म्हशी पुढे जातात आणि आपण एसीत बसून बघायचं. काल हे मी टीममध्ये बोलून दाखवलं, तेव्हा सुरुचीने मान वर न करता सांगितलं की नोटीस बोर्डवर एका गाडीची जाहिरात आहे, जुनी आहे, दोन सीटची, मोकळ्या टपाची. सुरुची इथली जुनी. काम चोख, बोलणं मोजून. तिला कसं कळलं कोण जाणे, पण अशा गाडीचं वेड मला कॉलेजपासून आहे. नवी घेण्याची ऐपत नव्हती आणि नाही. जुनी मात्र जमेल.

रविवार, १३ जानेवारी

नारायण पेठ, दुसरा मजला, सत्यशीला खांबेटे. दारावर पाटी: 'बेल एकदाच वाजवावी. ऐकू येते.' मी एकदाच वाजवली.

बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका आहेत. अर्धा तास त्यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली आणि त्यात गाडीचा एकही प्रश्न नव्हता. गाव कुठलं, आधी कुठल्या ऑफिसात होतात, कोणत्या क्लायंटचं काम केलंत, इथे कोणाच्या जागेवर आलात. गाडी बघायला आलोय की मुलगी, मला कळेना. आधी अकरा जण येऊन गेले, कोणालाच दिली नाही म्हणाल्या. मी कारण विचारलं, तर ते लोक योग्य नव्हते एवढंच उत्तर मिळालं.

मग खाली पार्किंगमध्ये नेलं. लाल, बसकी, कापडी छप्पर मागे घडी करून ठेवता येणारी. चाकांवर धूळ नाही, काच लखलखीत. मला तर ती बघताक्षणीच माझी वाटली. गाडी मुलाची आहे असं त्या म्हणाल्या. मुलगा परदेशी असेल असं धरून मी तो कुठे असतो विचारलं. बाई म्हणाल्या, असतो इथेच.

बुधवार, १६ जानेवारी, किंक्रांत

गाडी आली! आई वाशिमहून फोनवर चिडली, कारण किंक्रांतीला कोणी सुपारीचं खांडसुद्धा घेत नाही. पण सत्यशीलाबाईंनी हाच दिवस दिला होता. आज न्या नाहीतर राहू द्या. पुण्याच्या शिक्षिकेपुढे माझी काय टाप.

कागद करताना आरसी बुकावर नाव वाचलं. आमोद खांबेटे. आमोद हे नाव मला माहीत आहे, आडनाव कधी लक्षात ठेवलं नव्हतं. त्याबद्दल कुठे लिहिलेलं नाही, आजही लिहिणार नाही. पुण्यात आमोद पुष्कळ असतील.

जुनी गाडी घेताना एक चिठ्ठी लिहून द्यावी लागते, की या वेळेपासून या गाडीने अपघात झाला, चलन आलं, पोलीस आले, तर जबाबदार घेणारा. छापील मिळते. बाईंना छापील नको होती. त्यांनी खाली कार्बन ठेवून मला शुद्धलेखन घातलं, आणि मी चौथीतल्या पोरासारखा मान खाली घालून लिहीत गेलो. एकदाही वाचलं नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची सवयच ती. पन्नास पानांच्या अटी असल्या तरी खाली जाऊन मान्य आहे म्हणायचं आणि पुढे चालायचं. सही, तारीख, वेळ तीन चाळीस. मूळ कागद त्यांनी ठेवला, मला कार्बनची प्रत दिली.

निघताना हातावर तिळगूळ ठेवला, पण गोड बोला म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या ते एवढंच, की डावीकडे कोणाला बसवू नका. मी हसून म्हटलं, बसवायला आहे कोण.

रविवार, २० जानेवारी

आज सकाळी पौड रस्त्याने मुळशीच्या दिशेला गेलो. छप्पर मागे, ऊन पाठीवर, पोरं हात करतायत. आयुष्यात इतकं सुख मला क्वचितच झालं असेल. भूगावच्या पुढे एकदा बीप वाजलं. बारीक, दोन सुरांत. ओळखीचा आवाज, पण कुठला ते आठवेना. डॅशबोर्डवर बघितलं, दिवा नाही, काही नाही.

घरी येऊन छप्पर ओढताना बघतो, तर डाव्या सीटचा पट्टा लावलेला. मी लावला नव्हता. गाडी जुनी आहे, पट्टा अडकला असेल.

बुधवार, २३ जानेवारी

तो आवाज आठवला. कॉन्फरन्स कॉलवर कोणी नवीन जोडला गेला की वाजतं ते बीप. हिंजवडीच्या पुलाखाली आज पुन्हा वाजलं आणि त्यानंतर कोणी तरी श्वास घेतला. कॉलवर कोणी न बोलता बसलं की ऐकू येतो तसा.

आता लिहून टाकतो. ही रोजनिशी कोणी वाचणार नाही.

मागच्या मार्चमध्ये मी हैदराबादला होतो, आमोद पुण्याला. कधी भेट नाही, फोटोही पाहिला नाही, रोजचा फक्त आवाज. त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्याने सुट्टी घेतली आणि काम अडू नये म्हणून आपला पासवर्ड मला फोनवर सांगितला. असं सगळेच करतात. त्याच्या नावाने आत शिरून मी जी साफसफाई चाचणीच्या मशीनवर करायची ती क्लायंटच्या चालू मशीनवर केली. चार दिवसांच्या ऑर्डरी पुसल्या गेल्या. नोंद पडली आमोदच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी कॉल. लाइनवर अकरा जण. मोठ्या साहेबांनी विचारलं, कोणी केलं. आमोद म्हणाला, "वैजनाथ, तू लाइनवर आहेस ना? सांग ना."

मी म्यूटचं बटण दाबून बसलो होतो. ते काढलं नाही. त्याने दोनदा विचारलं. मग बीप वाजलं, तो कॉलवरून गेला. महिनाभरात नोकरीवरूनही गेला.

मी वाईट माणूस नाही. घाबरलो होतो. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. कोणीही हेच केलं असतं.

शुक्रवार, २५ जानेवारी

सुरुचीला आडून विचारलं, आमोद आता कुठे असतो. तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. तिचं आणि त्याचं लग्न ठरलेलं होतं. त्याला कुठेच नोकरी मिळेना. सगळीकडे जुन्या कंपनीचा शेरा आधी पोचायचा. जूनमध्ये खराडीला मुलाखत होती. तिथेही तेच ऐकून तो खाली आला, छातीत दुखायला लागलं म्हणून गाडी चालवायचं सोडून डावीकडे बसला आणि हिला फोन लावला, की येऊन मला घरी ने. हिचा फोन सायलेंटवर होता, कारण कॉल चालू होता आणि कॉलमधून उठायचं नाही असा कॉल चालवणाऱ्याचा हुकूम होता. कॉल चालवणारा म्हणजे हैदराबादहून मी. वॉचमनला तो संध्याकाळी सापडला. पट्टा लावून बसलेला. वय एकतीस.

एवढं सांगून ती पुन्हा कामाला लागली.

मला सगळं कळलं. बोर्डवरची जाहिरात माझ्यासाठीच होती. अकरा जण योग्य नव्हते, मी होतो.

सोमवार, २८ जानेवारी

आता तो बोलतो. रोज. पूल ओलांडला की बीप, मग तेच. वैजनाथ, तू लाइनवर आहेस ना. चिडून नाही. कॉलवर विचारायचा तसंच, सभ्यपणे. ते जास्त वाईट आहे. डावीकडे बघत नाही. सीट दबलेली असते.

आज दुपारच्या कॉलवर मी पाच मिनिटं बोललो, आणि अमेरिकेहून विचारलं, वैजनाथ आलेला नाही का? सगळ्यांनी सांगितलं, म्यूट काढ. म्यूट नव्हतं. तीन फोन बदलले. माझा आवाज माझ्या खोलीत मला ऐकू येत होता, लाइनवर नाही.

बुधवार, ३० जानेवारी

कार्बनची प्रत आज वाचली. माझंच अक्षर.

'आजपासून या गाडीचं जे होईल त्याला मी जबाबदार. तसंच मागच्या मार्चमध्ये गाडीचे मालक आमोद खांबेटे यांच्या नावावर जे लागलं, ते मी केलेलं आहे. त्यापुढे त्यांचं जे झालं, त्यालाही मीच जबाबदार.'

हे मी लिहिलं? तिळगुळाची वाटी समोर ठेवून त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. एकही शब्द खोटा नाही, त्याचाच तर राग येतो.

आईला फोन केला. ती हॅलो हॅलो करत राहिली. कोण आहे म्हणाली. मी ओरडलो. तिने फोन ठेवला. आता फोनवरच नाही, समोरही कोणाला ऐकू येत नाही. चहावाल्याला बोट दाखवून सांगावं लागलं.

गुरुवार, ३१ जानेवारी

मूळ कागद कंपनीत पोचलाय. सुरुचीने नेऊन दिला. मला बोलावलं, समोर चार जण. म्हणणं मांडायला सांगितलं. मी मांडलं. सगळं खरं मांडलं, पहिल्यांदाच, रडत. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शेवटी एकाने लिहून घेतलं की याने काहीही सांगण्यास नकार दिला.

अमेरिका गेली. नोकरी गेली. जाऊ दे. आता फक्त हा आवाज —

गाडी हिंजवडीलाच सोडून बसने घरी आलो. बघतो तर गाडी माझ्या आधी बिल्डिंगच्या दाराशी येऊन उभी होती.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

नारायण पेठ. किल्ल्या घेऊन गेलो. बेल एकदाच वाजवली.

एका कागदावर लिहून नेलं होतं — चुकलो, पदरात घ्या, गाडी परत घ्या. बाईंनी कागदाकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या,

"लिहून मिळालंय मला. आता तोंडाने सांगा."

मी सांगितलं. घसा फाटेपर्यंत सांगितलं. त्या दारात उभ्या राहून ऐकत होत्या, पाढे म्हणून घेतात तशा. डोळ्यांत पाणी नव्हतं. मग म्हणाल्या,

"त्या दिवशी कॉलवरही असंच काही ऐकू आलं नाही. त्याच्याकडेच सांगा. तो ऐकतो."

दार लावलं. बेल पुन्हा वाजवली. पुन्हा. आतून कडी घातल्याचा आवाज —

किल्ल्या त्यांच्या दारात टाकून रिक्षाने आलो. खिशात हात घातला तर किल्ल्या खिशात.

शनिवार, २ फेब्रुवारी

दुपार. ऊन आहे. हे गाडीत लिहितोय. कसा आलो आठवत नाही. वही मांडीवर, पट्टा लावलेला. सुटत नाही.

मी डावीकडे आहे.

छप्पर मागे. रस्त्यावर माणसं. सिग्नलला एक बाई शेजारी स्कूटरवर — तिला हाक मारली, दंडाला हात लावण्याइतकी जवळ होती. तिने कानावरचा रुमाल सारखा केला.

उजवीकडे बघत नाही. चाक फिरतंय. गिअर नीट पडतायत. तो चांगली चालवतो.

खराडीची पाटी गेली.

बीप.

विचारतोय. तेच. सभ्यपणे. मी सांगतोय — हो, आहे, लाइनवर आहे, मीच केलं, आमोद, मीच — त्याला ऐकू येतंय. मान हलवली. हसलासुद्धा. पण वेग —

छातीत. डावीकडे. फोन लावतोय, सुरुचीला. वाजतोय. वाजतोय. उचल. कोणी तरी

तो म्हणतोय, ती कॉलवर अस