आजीनं लिहिलेलं चांगलं पत्र

लेक्सिंग्टन, केंटकी
११ ऑगस्ट

प्रिय आजी,

तुझा गुडघा कसा आहे? घेवडा यंदा भरपूर लागला म्हणालीस, म्हणजे बरण्या भरून झाल्या असतील. मी बरी आहे. अक्षर गिचमिड आलंय, समजून घे.

तुझं पत्र कॉलेजच्या आर्थिक मदतीच्या ऑफिसात पोचलं. गुलाबांचा कागद, वळणदार अक्षर. तिथल्या प्रुइटबाईंनी ते माझ्यासमोर वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुझी आजी लिहितेय की तुझा बाप देवमाणूस आहे. चर्चचा कारभार बघणारा डीकन. दर रविवारी तुझी चौकशी करतो, घराचं दार तुला सदैव उघडं आहे. मग बाळा, तू घरी का जात नाहीस?"

रागानं कान तापले होते.

आजी, मी तुला नीट समजावलं होतं. आई वारलेली, त्यामुळे चोवीस वर्षांची होईपर्यंत सरकार मला बापावरच अवलंबून धरणार. त्याची कमाई दाखवल्याशिवाय मदत नाही, आणि तो म्हणतो, घर सोडून गेली ती माझी कोणी नाही. बाप हात वर करतो एवढ्यावर सरकारच्या लेखी कुणी स्वतंत्र ठरत नाही. त्या घरात राहणं का अशक्य होतं, ते डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानं लिहून द्यावं लागतं. पाद्रीसाहेब लिहिणार नाहीत, ते त्याच्याच होडीतून मासे धरायला जातात. राहिलीस तू.

आणि तू लग्नाला मुलगा दाखवावा तसं लिहिलंस.

काल फोनवर म्हणालीस, "अगं, घरातलं चव्हाट्यावर कशाला मांडायचं? लेक आहे तो माझा. रविवारी चर्चमध्ये त्याच्या शेजारी बसायचंय मला." मग मी कोण आहे?

कुठलं दार उघडं आहे, आजी? ज्या दारात त्यानं माझा हात दाबून धरला आणि दाराला खांद्यानं रेटा दिला, तेच ना? थँक्सगिव्हिंगचा सण होता, टर्की टेबलावर वाफाळत होती. तू बशा पुसायचा टॉवेल माझ्या हाताला गुंडाळलास. हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला विचारलं, तर तूच आधी बोललीस, गाडीच्या दारात बोटं सापडली. मी गप्प बसले. त्याच्यासाठी नाही, तुझ्यासाठी. त्या हाताची दोन बोटं अजून वळत नाहीत. अक्षर त्यामुळे असं आहे. वर लिहायचं टाळलं होतं.

त्या दिवसापासून तू मला तुझ्याकडे ठेवून घेतलंस, जेवू घातलंस, केस विंचरून दिलेस. विसरले नाही मी. म्हणून तर राग जास्त आहे. परक्या बाईनं असं लिहिलं असतं तर एव्हाना शिव्या देऊन मोकळी झाले असते.

शुक्रवारपर्यंत दुसरं पत्र आलं तर फेरविचार करू, असं प्रुइटबाई म्हणाल्या. नाहीतर एक्स-रेच्या कोर्समधली माझी जागा दुसऱ्या कुणाला जाईल. मी कोंबड्या कापायच्या कारखान्यात कामाला लागेन, पण त्या घरी जाणार नाही. त्याला वाईट म्हण असं मी सांगत नाही. टॉवेल कोणता होता आणि का गुंडाळलास, एवढंच लिही. साधा कागद चालेल.

तू त्याची आई आहेस, मान्य. पण त्या दिवशी तू स्वयंपाकघरातच उभी होतीस.

तुझी नात,
आणि सरकारी कागदावर अजून त्याचीच,
केलिन