काठीला लटकलेलं दप्तर

३ मे

आज पुन्हा जुंपली. विषय तोच. आईचा बटाटा कुस्करता कुस्करता मी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "एक वर्ष थांबते ना इथेच. विद्यापीठ काही पळून जात नाही." आईने चमचा खाली ठेवला — ठेवला कसला, हातातून सुटलाच, पण तिने ठेवल्यासारखं केलं.

"माझ्यासाठी थांबलीस तर याद राख, निन्के. मी काय तुझ्या पायातली बेडी आहे? तू मोकळी आहेस. आम्हाला तुझ्या वयात असं कुणी म्हटलं नव्हतं."

मोकळी आहे, तर थांबायला का नाही मोकळी? विचारलं नाही. चमचा उचलून परत तिच्या बोटांत बसवला.

५ मे

मुक्तिदिन, महायुद्धातून देश सुटला तो दिवस. गावभर झेंडे. आमचा शेजारच्या डाउवेकाकांनी लावून दिला. वर्गातली मिर्थे मला ओढत लेवार्डन शहरात गाण्यांच्या जत्रेला घेऊन गेली. बिअर पीत म्हणाली, "तुझी मजा आहे बाई. माझी आई ग्रोनिंगनची, विद्यापीठाजवळची खोलीसुद्धा स्वतः तपासायला येणार आहे. तुला कुणी अडवत नाही."

खरंय. कुणी अडवत नाही. भिंत असती तर निदान डोकं तरी आपटलं असतं. इथे दारं सताड उघडी, आणि चुकलं तर सगळं खापर माझ्याच डोक्यावर.

संध्याकाळच्या आत परत आले. नर्स फक्त सकाळी येते. रात्री आईला खुर्चीतून पलंगावर मी नेते. मी गेल्यावर कोण नेणार, हे आम्ही दोघी कधी बोलतच नाही.

१५ मे

शाळेच्या शेवटच्या परीक्षेतला गणिताचा पेपर. सगळं येत होतं. खरंच सगळं.

पहिले काही प्रश्न सोडवले आणि पेन खाली ठेवलं. ठरवून नव्हे — की ठरवूनच? बाहेर कुणीतरी गवत कापत होतं, तो आवाज ऐकत बसले. नापास झाले तर वर्षभर इथेच. मग मी थांबले असं होणार नाही, राहावंच लागलं असं होईल. मी थांबले तर आई माझ्यावर चिडेल, प्रश्नपत्रिकेवर कशी चिडेल?

घरी येऊन सांगितलं, अवघड होता.

१६ मे

भौतिकशास्त्रही तसंच. फेरपरीक्षा एकाच विषयाची देता येते. दोन बुडवले की सुटका.

सुटका! काय शब्द आला बघ.

१२ जून

लिहायला हात होत नाही.

आज निकाल. नापास झालेल्यांना आमचे वर्गशिक्षक आधी फोन करतात. तीनपर्यंत फोन नाही, तर पास. सगळं गाव त्या वेळेला श्वास रोखून असतं, मग पास झालेल्याच्या घरावर झेंडा आणि काठीला त्याचं दप्तर लागतं. आईला तेवढाही धीर नव्हता. मी दुकानातून येऊन बघते तर घरावर झेंडा, आणि काठीच्या टोकाला माझं जुनं दप्तर. डाउवेकाका शिडीवरून उतरत होते. "तुझ्या आईपुढे माझं काही चालतं का? म्हणाली, माझी निन्के आणि नापास? लाव." समोरच्या घरावर अजून काहीच नव्हतं. मिर्थेच्याही नाही. जाणारी मोटार हॉर्न वाजवून गेली आणि आईने खिडकीतून हात हलवला. राणीसारखा. टेबलावर गुलाबी साखरेची पेस्ट्री, तिघांसाठी.

फोन अडीचला वाजला.

आई रागावेल असं वाटलं होतं. ती रडली. आजार कळला तेव्हाही रडली नव्हती. काका पुन्हा शिडी घेऊन आले, तिच्याकडे न बघता दप्तर काढलं आणि दाराशी ठेवून गेले. पेस्ट्री कुणी खाल्ली नाही.

१३ जून

आई सकाळीच बोलली. शुश्रूषागृहात तिची खोली ठरली आहे, एक ऑगस्टपासून. मार्चमध्येच सही केली. हे घर भाड्याचं, तेही परत केलंय. नवीन लोकही ठरलेत, आता मागे फिरता येत नाही.

"तू गेलीस की मीही जाणार होते. आधी सांगितलं असतं तर तू अभ्यास सोडून रडत बसली असतीस." मग माझ्याकडे बघून, अगदी लहान आवाजात, "आता तू कुठे राहशील गं?"

मला हसू आलं. घाणेरडं हसू. जिच्यासाठी थांबले तीच चालली.

खरं काय ते सांगितलं नाही. कोणत्या तोंडाने सांगू?

२ जुलै

डाउवेकाका माळ्यावरची खोली देतायत. "शाळा जवळ आहे. आणि माझ्या सुपाला नावं ठेवायला कुणीतरी हवंच."

मिर्थेच्या घरावरचा झेंडा कधीच उतरला. ती खोलीसाठी पडदे घेतेय. फोटो पाठवते, मी छान म्हणते.

३१ जुलै

खोकी बांधून झाली. आईला शेवटचं खुर्चीतून पलंगावर नेलं. तिचे हात माझ्या मानेभोवती होते, ती सोडेना. कानाशी म्हणाली, "गणितात किती प्रश्न सोडून दिलेस?"

सांगितलं.

तिने माझ्या मानेभोवतीची मिठी आणखी घट्ट केली. मग म्हणाली, "थांब म्हणायचं होतं गं मला. रोज."