बापाचं सोंग

खापा, १२ फेब्रुवारी

चि. मिनलले आजीचे पोटभर आशीर्वाद.

आजी म्हणजे तुह्या बापाची माय, मनकर्णा. आठवली काय? शहरातल्या त्या नंदनवनात राहून माणूस विसरभोळं होते म्हणतात, म्हणून खुलासा केला. फोनवर तू हो आजी, हो आजी करते आन् फोन ठेवला का विसरते. मले अक्षर येत नाही. मी बोलून राहिली, शेजारची काजल लिहून राहिली.

ही काजल तूच निवडली. शाळा सुटलेल्या पोरीयले त्यायच्याच वयाच्या पोरीनं शिकवायचं, ही तुह्या संस्थेची युक्ती. दर बुधवारी माह्या ओसरीवर गट भरते. बँकेत कसं बोलावं, नाही कसं म्हणावं, सारं काजल झकास शिकवते. फक्त सोताच्या बापापुढं, चंद्रभानपुढं, तिची बोबडी वळते. येत्या बावीस तारखेले चंद्रभाननं तिले पाहायले पाहुणे बोलावले, आन् तिले तर बाहेरून दहावी करायची आहे. इथं पोरीनं पेन थांबवला. मी म्हटलं, लिही वं, खरं आहे.

उपाय सांग. लोभ असू दे, नसला तर उसना आण.

मनकर्णा (अंगठा)

---

नंदनवन, १५ फेब्रुवारी

ती. आजीस मिनलचा सा. न.

विसरले नाही, कामात होते. आधी गटातच सोंग करून बघा. एकीनं बाप व्हायचं, एकीनं पाहुणी, म्हणजे काजलची भीड चेपेल. तू मात्र नुसतं बघ. मागे बँकेच्या सोंगात तू मॅनेजर झालेल्या भैरवीला रडवलंस, ते कळलं आहे मला.

माया असावी, रागही चालेल.

तुझी मिनल

---

खापा, १९ फेब्रुवारी

चि. मिनलले आशीर्वाद, मागच्यापेक्षा जास्त.

तू नुसतं बघ म्हटलं, म्हणून मी फक्त नवरदेवाची आत्या झाली. पदर नाकापर्यंत ओढला, पुढं पोहे ठेवले आन् काजलले चालून दाखव म्हटलं. तेवढ्यात चंद्रभान वावरातून आला. त्याले वाटलं, पाहुणे बापाले न सांगताच येऊन बसले. हात जोडून धुळीच्या पायानं तोही बसला. पोरी हसू दाबून राहिल्या. मी कशाले सांगू? आवाज घोगरा करून म्हटलं, पोरगी पसंत आहे, पण शिकणं बंद, आन् मान वर करायची नाही.

काजलनं मान वर केली. बापाकडं पाहून म्हणाली का मले दहावी करायची आहे, लग्नाले आता माही ना आहे.

चंद्रभान उगाच पायाची धूळ झाडत राह्यला. मग मलेच म्हणाला का बाई, शिकणं बंद करणाऱ्या घरी मी पोरगी देत नाही.

तवा मी पदर काढला. लय भडकला वं तो, फसवलं म्हणे. मी म्हटलं, पाहुणे खोटे होते, पण तुहा जबाब साऱ्या पोरीयनं ऐकला. तसाच उठून गेला. आज सकाळी त्यानं पाहुण्यायले फोन करून येऊ नका म्हणून कळवलं. काजल हे हसत लिहून राहिली, अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

पुढच्या बुधवारी गटातल्या खुशीच्या बापाले बोलावलं आहे. तो भारी बोलका, दुसऱ्याले तोंड उघडू देत नाही. त्याच्यासाठी शेंगदाण्याची चिक्की पाठव. कुरकुरीत नको, दाताले चिकटणारी पाहिजे.

मनकर्णा (अंगठा)