तलावात गवत्या सोडला त्याची गोष्ट

१४ मे २०२४
तलावात मधोमध डबकं उरलंय, बाकी चिखल. पूर्वी मेमध्येही म्हशी डुंबायच्या. त्याच चिखलात आज वच्छला — माझी बायको — आणि तिच्या गटाच्या बाया चिला, देवधान लावत होत्या. पाण्यातली ही झाडं गेली तसे देशी मासे गेले, बदकंही गेली, असं तिचं म्हणणं. मी हसलो. म्हणाली, "मग मासोळ्या अंडे कुठी देतीन? तुमच्या टोपीत?"

२ ऑगस्ट
जुलै सगळा कोरडा, मग दोन दिवसांत आभाळ फाटलं. तलाव भरला. पण हल्ली फेब्रुवारीतच तळ दिसतो! म्हणून आमच्या मच्छीमार सोसायटीच्या मत्स्यबीजात यंदा गवत्या मासा घेतला, आज तलावात सोडलाही. भराभर वाढतो, पाणी आटायच्या आत हाती येतो. सचिव उगाच नाही झालो.

३ ऑगस्ट
गवत्या पाण्यातली झाडं खातो!! लहानपणापासून माहीत आहे मला. आठवलं कधी? आज, आंघोळ करताना. वच्छलाला सांगितलं नाही.

१९ ऑक्टोबर
तळातला चिला जवळजवळ संपला. गटातल्या गुणाबाई म्हणाल्या, "मुखरूभाऊ, म्हशीच खाऊन राह्यल्या!" मी मान डोलावली. शरम वाटली.

२० ऑक्टोबर
बायांनी तलावावर गुरं बंद करायचं ठरवलं. झिंगू गुराखी माझ्याकडे आला. "भाऊ, माह्या म्हशीनं चिला खाल्ला असन तं मी मिशी काढतो!" आता कुठल्या तोंडाने गप्प बसू?

२१ ऑक्टोबर
सांगितलं. भर सभेत. गुणाबाई म्हणाल्या, "अरे देवा! सचिव झाला अन् अक्कल गेली काय?" सगळे हसले — झिंगू सर्वांत जास्त. ठरलं: सगळ्यांनी मिळून जाळी टाकून गवत्या काढायचा, पुन्हा सोडायचा नाही. पण लावायला आता चिला कुठून आणायचा?

२२ ऑक्टोबर
सकाळी वच्छलाने मला शेतातल्या बोडीवर नेलं. आमचं एवढंसं तळं, पण चिल्याने गच्च! अर्धी रोपं तिने मे महिन्यातच इथे लावली होती. "सारं बी एकाच बांधीत कोणी पेरते काय?" मग बोट दाखवलं. चिल्याच्या कडेला मरळ, आपली देशी मासोळी, आणि तिच्याभोवती लालसर पिल्लांचा घोळका. पुराच्या पाण्यासोबत आली असेल. दहा वर्षांत पाहिली नव्हती. मला रडूच आलं.
"हळू रडा," वच्छला म्हणाली, "पिल्लं भेतीन."