लाल चिठ्ठीचा डबा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, धंदा रेघा ओढणे (आता बंद), आज सकाळी चहा घेऊन, चष्मा पुसून, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. माझ्यावर कोणा माणसाचे दडपण नाही. भीतीचे आहे, ते कलम चारमध्ये येईल. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी ते कलम गाळले होते.

कलम एक. हे दुमजली घर माझ्या पुतणीला द्यावे. खाली ती, जावई आणि त्यांची दोन लहान मुले राहतातच. माझ्या भावाने हक्क सांगू नये. आईच्या आजारपणात त्याला सवड नव्हती, आताही नसावी.

कलम दोन. खालून दिवा लागणारे उतरते मेज, टाकांची पेटी आणि पांढरे हातमोजे मुलांच्या शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षिकाबाईंना. मोज्यांची बोटे मुद्दाम कापलेली आहेत, उंदराने खाल्लेली नाहीत. कार्टून-सिनेमाच्या आमच्या स्टुडिओत चित्रकार कागदावर पेन्सिलने काढायचे आणि आम्ही चाळीसजणी पारदर्शक तावावर श्वास रोखून तीच रेघ शाईने उतरवायचो. मग मागून रंग. पडद्यावरच्या एका सेकंदाला चोवीस चित्रे, आणि सिनेमा सव्वा तासाचा. नामावलीत मुख्य चित्रकारांचे नाव भिंतीएवढे, आमचे एकीचेही नाही. त्यांनी सही करून दिलेला त्यांचा फोटो त्यांच्या घरी परत पाठवावा. पुढे पेन्सिलची रेघ परस्पर तावावर उमटवणारे यंत्र आले आणि आम्ही घरी बसलो.

कलम तीन. शिवणयंत्र वहिनीला. ती चारचौघांत विचारायची, "अजून मांजराच्या मिश्याच काढतेस का?" हो, काढत होते. तीनशे चित्रांत एकसारख्या काढून दाखव म्हणावे.

कलम चार. माझ्या कपाटात खालच्या फळीवर एक पत्र्याचा डबा आहे. माझ्या मृत्यूनंतर तो न उघडता, न आपटता अग्निशामक दलाच्या ताब्यात द्यावा. आत जुन्या जातीची फिल्म आहे. ती सडली की चिकट होते, तिची तपकिरी भुकटी होते, आणि उन्हाळ्यात काडी न लावताही पेटू शकते. पेटली की पाण्यानेही विझत नाही. दोन उन्हाळ्यांपासून कपाटाला उग्र वास येतो. कपाटाच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, मुलांचा पलंग आहे. दुपारी ऊन चढले की मी पत्र्याला हात लावून बघते, आणि हात काढायचीही भीती वाटते.

तरी तो मी का दिला नाही, ते लिहिते. ताव महाग, म्हणून कॅमेऱ्याखालून आलेले ताव धुऊन पुन्हा वापरत. फोटो झाले की मी गठ्ठ्याला लाल चिठ्ठी लावायची, खाली माझी सही. मग धुलाईचे काम करणारे साबणदादा (हे नाव आम्हीच पाडलेले) ते धुवायचे. एक दिवस मेजावर दोन गठ्ठे होते आणि मी चिठ्ठी भलत्याच गठ्ठ्याला लावली. म्हातारी नदी ओलांडते तो प्रसंग होता, त्याचे फोटो अजून व्हायचे होते. चारशे ताव साबणाच्या पाण्यात गेले. बोंबाबोंब झाली तेव्हा मी चिठ्ठी काढून घेतली, हाताशी त्याच प्रसंगाच्या पेन्सिल-चित्रांच्या, चाचणीसाठी घेतलेल्या फिल्मचा डबा होता त्यात कोंबली, आणि डबा पिशवीत घालून घरी आणला. वरिष्ठांनी विचारले तेव्हा सांगितले, चिठ्ठी नव्हतीच. साबणदादांना त्याच दिवशी काढले आणि त्या धंद्यात पुन्हा कोणी उभे केले नाही. याला सेहेचाळीस वर्षे झाली. आधी लाजेने डबा उघडला नाही, मग झाकण गंजले, आता हिंमत नाही. साबणदादा दोन गल्ल्या पलीकडे राहतात. साक्षीला त्यांनाच बोलावले आहे.

पुरवणी, त्याच दिवशी दुपारी. साबणदादा आले. त्यांनी सारे उभ्याउभ्याच वाचले. मला वाटले, ते स्वतःबद्दल बोलतील. ते म्हणाले, "बाई, एका चिठ्ठीसाठी तू हे पोरांच्या डोक्यावर ठेवलंस?" त्यांनी पुतणीला मुलांना घेऊन बाहेर जायला सांगितले, बादलीत पाणी घेतले, डबा तापून पेटू नये म्हणून अलगद त्यात बुडवला आणि मागच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवला. दलाची गाडी येईपर्यंत जवळ कोणाला फिरकू दिले नाही. कलम चारमधील "माझ्या मृत्यूनंतर" हे शब्द मी खोडले आहेत.

मग मी सहीसाठी टाक पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. म्हणाले, "मृत्युपत्र तू गेल्यावर वाचतील. तोवर मी असेन का? मी जिवंत आहे तोवर वाच."

म्हणून हे मृत्युपत्र उद्या सकाळी दहा वाजता, माझ्या हयातीत, पुतणीच्या खोलीत मी स्वतः वाचणार आहे. आम्हा चाळीसजणींपैकी ज्या सातजणी अजून आहेत त्यांना निरोप गेले आहेत. साबणदादांनी पुढच्या खुर्चीवर बसावे अशी विनंती केली आहे. त्यांनी हो किंवा नाही काही सांगितलेले नाही. मला फार भीती वाटते.

ठिकाण: राहते घर, वरची खोली
दिनांक: सोळा मे, मंगळवार
लिहून देणार: (सही)
साक्षीदार पहिले: घरचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दुसरे: शेजारचे शिंपी (सही), साबणदादांच्या जागी