मी गाळलेलं वाक्य

अण्णा,

आज सकाळी सूनबाईनं मला घराबाहेर बसवलं. रागानं नाही. तिची परीक्षा होती, म्युच्युअल फंडांची, घरबसल्या कॉम्प्युटरवर द्यायची. चार महिने ती स्वयंपाक करता करता मोबाइलवर धडे ऐकत होती; वर्ग नाही, मास्तर नाही, सवड मिळेल तेव्हा शिका. परीक्षेला मात्र कॅमेरा समोर. "आई, खोलीत दुसऱ्या कोणाचा आवाज आला तर पेपर बाद," ती म्हणाली. मी म्हटलं, मी कोपऱ्यात बसून जप करते, बोलणार नाही. "ओठ तर हलतात ना? त्याला वाटेल तुम्ही उत्तरं सांगताय." म्हणून मी ओट्यावर येऊन बसले, मांडीवर वही घेतली, आणि तुमचा अभ्यास आठवला. तुमच्या वेळी कॅमेरा नव्हता. पण खोलीत दुसरं कोणीतरी होतं, आणि ती मी होते.

तुमची विमा कंपनी लहानशी होती. गावच्या शनवारा दरवाज्याजवळ, जिना चढून दोन खोल्यांचं ऑफिस, तुम्ही आणि काका अशी दोनच माणसं. काका म्हणजे नात्यातले कोणी नव्हेत. पलीकडच्या बुधवारा पेठेत राहायचे, तुमच्याहून पाचसहा वर्षांनी लहान, तुम्हाला दादा म्हणायचे. दोघं सायकलींवर फोपनार गावाला जायचात, केळीच्या बागांतून शेतकऱ्यांना पॉलिसी समजावून सांगायला. मग सरकारनं सगळ्या विमा कंपन्या एकत्र केल्या. राज्यही नुकतंच नवं झालं होतं. नागपूरकडे बघण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना आता भोपाळकडे बघायचं होतं. ऑफिसची पत्रं हिंदीत येऊ लागली, नियम इंग्रजीत. कोण कुठल्या पदावर राहणार ते कोणालाच माहीत नव्हतं. एकमेकांविरुद्ध वर निनावी अर्ज जातात, असं जो तो दबक्या आवाजात म्हणायचा. तुम्ही तेवढे हसायचात. सायकलीला कुलूप न लावणारे शनवाऱ्यात तुम्ही एकटेच होता.

मग ते परिपत्रक आलं. टपालानं विम्याचा अभ्यासक्रम करायचा, शेवटी खांडव्याला परीक्षा द्यायची. ऑफिसात पद एकच; जास्त मार्कांनी पास होईल तो अधिकारी, बाकीचे कारकून. माहितीपत्रकात लिहिलं होतं, आपल्या सवडीनं अभ्यास करा. ते मीच तुम्हाला मराठीत वाचून दाखवलं होतं. "सवड," तुम्ही म्हणालात, "मुंबईत मिळत असेल बाजारात." तुमची सवड म्हणजे सकाळची, मी शाळेत जायच्या आधीची. आई भाकरी थापायची आणि चुलीजवळच्या पाटांवर आपण दोघं. मी सिस्टरांच्या शाळेत नववीत. तुम्ही मराठी मॅट्रिक. छापील इंग्रजी अडखळत वाचायचात, हाताचं लिहिलेलं तुम्हाला लागत नसे. मी धडा वाचून मराठीत सांगायची आणि एका वहीत उतरवायची. तुम्ही उत्तर मराठीत सांगायचात, मी कच्च्या कागदावर त्याचं इंग्रजी करायची, आणि तुम्ही ते आपल्या हातानं, एकेक अक्षर जोडत, चांगल्या कागदावर उतरवायचात. दर शनिवारी मराठीची ती वही काका घेऊन जायचे, कारण त्यांनीही नाव घातलं होतं आणि त्यांच्या घरात इंग्रजी वाचणारं कोणी नव्हतं. "दादा, माझी तर पूरी गाडी या पोरीच्या वहीवर चालते," ते म्हणायचे, आणि माझ्यासाठी द्रोणातून मावा जिलेबी आणायचे. आई म्हणायची, "दोन विद्यार्थी आणि मास्तरीण नववीत. नापास झाले तर छडी कोणाला मारायची?"

मला तो धडा अजून आठवतो, ज्यात लिहिलं होतं की विमा घेणाऱ्यानं विचारलं नसेल तेही सांगितलं पाहिजे; एखादी मोठी गोष्ट गाळली तर करारच खोटा. तुम्ही मला समजावून सांगितलंत, फोपनारच्या एका माणसानं आपला दमा कसा लपवला होता ते. "खोटं नाही बोलला तो," तुम्ही म्हणालात. "फक्त बोलला नाही. पण दोन्ही एकच." मी ते वाक्य इंग्रजीत केलं आणि तपासनिसानं त्याच्या बाजूला लाल शाईनं 'उत्तम' लिहून पाठवलं. तुम्ही तो कागद ऑफिसात काकांना दाखवायला घेऊन गेलात.

त्याच्या पुढच्या पाकिटात उत्तरांबरोबर एक वेगळी चिठ्ठी होती, हातानं लिहिलेली, तिरक्या अक्षरात. तुम्ही ती माझ्यापुढे धरलीत आणि मी मराठीत सांगितली: उत्तरं चांगली आहेत, परंतु ती उमेदवाराची स्वतःची नाहीत असं दिसतं, पंधरा दिवसांत खुलासा करावा, नाहीतर नाव काढण्यात येईल. चिठ्ठीत आणखी एक वाक्य होतं. ते मी वाचलं नाही. त्यात असं होतं की प्रत्येक पानाच्या माथ्यावर जी तीन अक्षरं आहेत ती मिशनच्या शाळांतली मुलं लिहितात. जे, एम, जे. जीझस, मेरी, जोसेफ, म्हणजे येशू आणि त्याचे आईवडील. सिस्टरांनी आम्हाला बालवर्गापासून शिकवलं होतं, पान उलटलं की आधी ती अक्षरं, मग काम. आमच्या वर्गात सगळ्या हिंदू मुली ती लिहायच्या. आपण श्री काढतो तसा हात आपोआप चालायचा. कच्च्या कागदांवर मी ती काढत होते आणि तुम्ही इमानदारीनं उतरवत होता. पहिल्या दिवशी तुम्ही विचारलंही होतंत, "हे काय, इंग्रजीतलं श्री का?" मी म्हटलं होतं, हो.

ते वाक्य मी का गाळलं? त्या दिवसांत मामा आईला येऊन सांगत होता की पोरीला त्या शाळेतून काढा, सिस्टरा हळूहळू बाटवतात, एक दिवस हातची जाईल. तुम्ही त्याला उडवून लावत होता. पण वडिलांच्या सरकारी कागदांवर पोरीनं येशूचं नाव घातलं, हे कळल्यावर तुम्ही काय बोलला असता? मला शाळा सोडायची नव्हती, अण्णा. एवढंच होतं. एक वाक्य होतं, आणि तुम्ही चिठ्ठी उलट धरली असती तरी तुम्हाला कळलं नसतं.

तुम्ही चिठ्ठी पुन्हा पाकिटात घातलीत. मग म्हणालात, "हे त्याला मुंबईत बसून कसं कळलं?" आई भाकरी उलटत म्हणाली, "कोणी सांगितलं असेल." आपण कसा अभ्यास करतो हे घराबाहेरच्या एकाच माणसाला ठाऊक होतं. मी तुमच्या चेहऱ्यावर तो विचार येताना पाहिला. येतो, थांबतो, पुन्हा येतो. तेव्हाही मी बोलले असते तर चाललं असतं. मी दप्तर घेतलं आणि शाळेत गेले.

खुलासा तुम्ही सरळ लिहवून घेतलात: विचार माझे, भाषांतर मुलीचं, अक्षर माझं. त्यांनी मान्य केलं, फक्त परीक्षेत स्वतः लिहावं लागेल अशी समज दिली. म्हणजे तसं पाहिलं तर काहीच बिघडलं नव्हतं. पण त्या शनिवारी तुम्ही काकांना वही दिली नाहीत. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. तुमचा संशय त्यांच्या कानावर गेला होता; तिसऱ्या शनिवारी ते घरी आले. दारातच उभे, पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

"दादा, तुमचे कान कोणी भरले? मी कशाला लिहू वर? मला काय फायदा?"

"पद एक आणि माणसं दोन," तुम्ही म्हणालात. "फायदा मला विचारू नका. बसा, चहा घ्या."

"चहा नको. माझ्या लेकरांची शपथ, दादा."

"शपथ घेऊ नका. लेकरं लहान आहेत."

चहा घेऊन मीच बाहेर आले होते. काकांनी माझ्याकडे पाहिलं. "बेटी, तू तरी सांग यांना. मी असा माणूस आहे का?" तुम्ही माझ्या आधी बोललात. "तिला काय विचारता? तिला यातलं काय माहीत?" मी बशी त्यांच्यासमोर ठेवली. कपाचा कान त्यांच्या बाजूला फिरवून ठेवला, मला अजून आठवतं. आणि आत गेले. त्यांनी चहा घेतला नाही. वहीवाचून त्यांना पुढचे धडे जमले नाहीत. परीक्षेला ते बसलेच नाहीत. कारकून म्हणून खरगोनला गेले आणि कारकून म्हणूनच परत आले.

मी मात्र त्या दिवसापासून कागदाच्या माथ्यावर काही लिहीनाशी झाले. "वरचं राहिलं," तुम्ही म्हणालात. मी म्हटलं, अर्धा अभ्यासक्रम झाल्यावर नाही लिहायचं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ, आणि खाली बघून उतरवू लागलात. त्या बघण्यावर मी पुढं कितीतरी वर्षं काढली. लग्न होऊन सासरी गेले तेव्हाही मनात हेच घोळत होतं की तुम्हाला कळलं असणार. ती चिठ्ठी तुम्ही दुसऱ्या कोणाकडून वाचवून घेतली असणार. मला शाळेत ठेवायचं म्हणून तुम्ही मित्र सोडलात. असं मानलं की माझं ओझं अर्धं व्हायचं, आणि वर तुमचं माझ्यावर किती प्रेम होतं तेही सिद्ध व्हायचं. तुमच्यावर संशय घेण्याचा याहून गोड प्रकार मला सापडला नाही.

पण ते खरं नव्हतं, आणि मला ते कधीचंच ठाऊक होतं. माझी इंग्रजी उत्तरं घोकून तुम्ही खांडव्याहून परीक्षा देऊन आलात तो दिवस. पाय धुतलेत, पाणी प्यायलात, आणि मला हाक मारून म्हणालात, "बेटा, पेपर हातात आला तर पहिलं काही सुचेना. मग म्हटलं, नवी सुरुवात आहे, तुझी ती तीन अक्षरं काढावी. ती काढली आणि हात चालू झाला." तुमचा चेहरा इतका मोकळा होता. काही लपवणाऱ्या माणसाचा असा चेहरा नसतो. तुम्ही पास झालात, अधिकारी झालात, आणि काका वर लिहिणारे आहेत असं खरोखर मानून गेलात.

नंतर तुम्ही बदललात. सायकलीला साखळी आली. आलेलं पाकीट उजेडाकडे धरून गोंद तपासू लागलात. ऑफिसात नव्या माणसासमोर कागद उलटा ठेवायचात. शेवटच्या आजारात डॉक्टरांनी दिलेली गोळीही तुम्ही आधी आईला दाखवायला सांगायचात. काका गेल्याची खबर आली तेव्हा तुम्ही उठून बाहेर गेलात आणि बऱ्याच वेळानं आलात. कुठे गेला होतात ते कोणी विचारलं नाही.

माझ्या मुलांनी तुम्हाला पाहिलं नाही. पण ती तुम्हाला ओळखतात. मीच सांगितलंय त्यांना सगळं, काकांची गोष्टसुद्धा, ते एक वाक्य सोडून. घरात कोणी दाराची कडी दोनदा ओढून पाहिली, भाजीवाल्याचा काटा निरखला, की एकमेकांना म्हणतात, "अण्णांचं रक्त आहे." सगळे हसतात. मीही हसते, अण्णा.