बंबाचं कुंकू

२८ सप्टेंबर १९५७, शनिवार.
नवा गॅसचा बंब आज बसला. आमच्या परळच्या सूतिकागृहात आता नळ फिरवला की बाळंतिणींना गरम पाणी. आयांनी चुलीवरून हंडे वाहायचे दिवस संपले. मेट्रन सुभद्राबाईंनी बंब माझ्या ताब्यात दिला. साहजिक आहे. नोकरी स्टोअरकीपरची असली तरी पिंड इंजिनिअरचा. संकल्प: बंबाची निगा राखणे, रोजनिशी लिहिणे, हाताखालच्यांवर न ओरडणे.

३० सप्टेंबर, सोमवार.
बंबाबरोबर आलेली विलायती पुस्तिका वाचून काढली. दुपारी आयांना गोळा करून व्याख्यान दिलं. बंबात पायलट म्हणजे एक छोटी ज्योत कायम जळते. तिच्यात थर्मोकपलचं टोक असतं. थर्मोकपल म्हणजे दोन धातू जोडलेली काडी. टोक तापलं की किंचित वीज तयार होते आणि ती गॅसची झडप उघडी धरते. ज्योत विझली की टोक थंड, झडप बंद. गॅस कोंडून भडका उडत नाही.
मग थर्मोकपल निकामी का होतो? टोकावर मळ किंवा काजळी चढते. पायलटच्या भोकात कचरा अडकतो, ज्योत पिवळी आणि आळशी होते, टोकाला नीट चाटत नाही. मागचा नट ढिला होतो. वारा लागतो. उपाय: बंब बंद करून, थंड झाल्यावर, कोरड्या फडक्याने साफ ठेवा.
शेवटी म्हणालो, दोन धातू जुळल्याशिवाय वीज नाही, तसंच मुंबई आणि महाराष्ट्र! टाळ्या पडल्या. हे वाक्य नरेपार्कातल्या संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत कुणा वक्त्याला द्यायला हवं.
चंपाबाई आयाने विचारलं, "साहेब, मग पुसायचं कुणी?" म्हटलं, तो तपशील नंतर.

३ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
शस्त्रपूजा केली. स्टोअरमधली कात्री, तराजू, इस्त्री आणि मानाने शेवटी बंब. झेंडूची माळ घातली. गॅस बंद करून बंबाच्या छोट्या खिडकीतून हात आत घातला आणि थर्मोकपलच्या टोकाला तेलात कालवलेलं कुंकू लावलं. नवरीच्या कपाळासारखं दिसत होतं.
चंपाबाईला ताट धरायला सांगितलं. नाही म्हणाली. वरळीच्या बीडीडी चाळीत राहते. गेल्या साली तिच्या घरच्यांनी धम्म घेतला. "बंब पुसून देते साहेब. पुजायची न्हाय." आणि फडकं घेऊन पुढे आली की! दसऱ्याचं कुंकू पुसायला! ताकीद दिली: यापुढे बंबाला फडकं लावायचं नाही. ओरडलो नाही. फक्त आवाज चढला.

७ ऑक्टोबर, सोमवार.
सकाळी बंब विझलेला. झडपेचं बटण दाबून धरलं तोवर पायलट जळतो, सोडलं की विझतो. बराच वेळ दाबून धरल्यावर एकदाचा टिकला. कारण उघड आहे: वारा. चंपाबाई न्हाणीघर धुते आणि दार सताड उघडं टाकते. पेटल्याबद्दल उदबत्तीच्या काडीने टोकाला पुन्हा तेल-कुंकवाचं बोट लावलं. यंत्रालाही कौतुक लागतं.

१० ऑक्टोबर, गुरुवार.
दोनदा विझला. दोनदा पेटवला, दोनदा बोट लावलं. ज्योत पिवळट दिसते. संशय: गॅसच हलका येतो. फिटर कुशाबाला बोलावलं. माळ बघून म्हणतो, "साहेबानु, ह्यो बंब आसा की म्हसोबा? नारळ खंय ठेवूचो?" आया फिदीफिदी हसल्या. झाकण उघडू का म्हणाला. माझ्या देखरेखीतलं यंत्र, नको म्हटलं. फिटर लोकांना कशाचं काही नसतं. मात्र नारळाची सूचना विचारात घेण्यासारखी आहे.

१२ ऑक्टोबर, शनिवार.
पुन्हा गार पाणी. एका बाळंतिणीची सासू मेट्रनबाईंशी भांडली. मेट्रनबाईंनी मला विचारलं, न्हाणीघरात सारखं कोण असतं? म्हटलं, मी कुणाचं नाव घेणार नाही. त्या म्हणाल्या, मग कळणार कसं? तेव्हा चंपाबाईचं नाव घेतलं. दाराबद्दल सांगितलं. पूजेला नाही म्हणाली तेही सांगितलं. त्याचा संबंध नव्हता, पण चित्र पूर्ण व्हावं म्हणून.
चंपाबाईला बोलावलं. ती म्हणाली, "दार उघडं ठेवते ते वाफ जायला, आज न्हाय, बारा वर्सं. ज्योत इझवायला मी काय भूत हाय?" मेट्रनबाई म्हणाल्या, बंब सुरळीत होईपर्यंत घरी बस, मग बघू. चंपाबाईने कमरेची न्हाणीघराची चावी काढून टेबलावर ठेवली. माझ्याकडे पाहिलं नाही. बरं झालं. मला अशा वेळी कुठे बघावं कळत नाही.

१४ ऑक्टोबर, सोमवार.
स्टोअरमधला राखीव थर्मोकपल स्वतः बसवला; जुना न बघताच भंगारात टाकला. विलायतेहून आलेला, पुन्हा मिळणं कठीण. म्हणून या वेळी पूजेत कसूर नाही: तेल, कुंकू, नारळ, नवी माळ. बंब झकास चालला. म्हणजे माझं वाऱ्याचं निदान बरोबर होतं. आया माझ्याशी बोलत नाहीत. कामाचा ताण असेल.

१७ ऑक्टोबर, गुरुवार.
विझला.
न्हाणीघराचं दार बंद होतं. चावी माझ्या खिशात. फटीतून वारा आला असावा. फटीत चिंध्या कोंबल्या. पेटवला, बोट लावलं. संध्याकाळी पुन्हा विझला.
चिंचपोकळीला घरी येऊन बायकोला, शांताला, सांगितलं. ती कांदा चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "आता चंपाबाई वरळीहून फुंकर मारते काय हो?" बायकांना यंत्रातलं काही समजत नाही. जेवलो नाही. भूक नव्हती असं सांगितलं.

२२ ऑक्टोबर, मंगळवार. नरक चतुर्दशी.
पहाटे वॉर्डात बाळंतिणी तेल-उटणं लावून बसलेल्या. पाणी गार. आयांनी तळमजल्यावर चूल पेटवून हंडे वर आणले. एक माणूस कमी म्हणून एकेकीला जास्त खेपा. जिन्यात माझ्या बाजूने जाताना कुणी "सरका" एवढंही म्हणालं नाही.
बंब बंद करून, थंड होऊ देऊन, हा नवा थर्मोकपल पहिल्यांदाच बाहेर काढला. टोक दिसेना. त्यावर जळलेल्या तेलाचा काळा थर, करपलेल्या पोळीसारखा, आणि आत लालसर काहीतरी. पायलटच्या भोकाशी झेंडूची पाकळी, कोळसा झालेली. मळ. काजळी. भोकात कचरा. माझंच व्याख्यान माझ्या तळहातावर होतं. फक्त नट तेवढा घट्ट होता.
कोरड्या फडक्याने पुसलं. फडकं चंपाबाईचंच, खिळ्याला तसंच टांगलेलं. भोक मोकळं केलं. पेटवला. ज्योत निळी, ताठ. बटण सोडलं. टिकली. दिवसभर टिकली.
मेट्रनबाईंनी विचारलं, काय झालं होतं? म्हटलं, तांत्रिक.
बोट लावलं नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार.
वरळीला गेलो. वाटेत भाषण तयार केलं: चूक यंत्राचीही असते, माणसाचीही असते, मन मोठं करून इत्यादी. चंपाबाई गॅलरीत तांदूळ निवडत होती. पाणी दिलं, बसा म्हणाली. भाषण आठवेना. म्हटलं, उद्यापासून ये, बंब ठीक झाला.
"कुणी इझवत होतं, कळलं?"
म्हटलं, वारा असावा.
"दार तर बंद होतं म्हनं. कुलूप घालून."
तिला सगळं कळत होतं. आया येऊन सांगून गेल्या असणार. तिने सूप खाली ठेवलं. "साहेब, हितं चाळीत इचारत्यात, बाई, तू काय केलंस म्हून घरी बसवली? मी काय सांगू? वारा?"
शेजारणी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी खाली बघून म्हटलं, कुंकू होतं. मी लावलेलं. पुन्हा पुन्हा.
ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "हे हितं नगं. तिथं सांगा. जिथं माजं नाव घेतलंत तिथं. मग येते."

२८ ऑक्टोबर, सोमवार.
सांगितलं. मेट्रनबाईंसमोर, सगळ्या आयांसमोर, चंपाबाई दारात उभी असताना. "तांत्रिक" हा शब्द दोनदा तोंडात आला, दोनदा गिळला. चावी टेबलावर ठेवली. मेट्रनबाईंनी ती उचलून चंपाबाईच्या हातात दिली आणि तिला म्हणाल्या, माझंही चुकलं. बंब आजपासून चंपाबाईच्या ताब्यात.
दुपारी तिने मला न्हाणीघरात बोलावलं. बंबावर लावायला पाटी हवी होती. माझं अक्षर चांगलं, हे साऱ्या सूतिकागृहाला ठाऊक आहे. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो: "बंबास तेल, हळद, कुंकू, फूल लावू नये. फक्त कोरडं फडकं." खाली "हुकमावरून" लिहू का, असं विचारलं.
म्हणाली, "हुकूम कशाला? तुमचं नाव लिवा."
लिहिलं.
अक्षर खरंच सुरेख आलं आहे. लांबून वाचता येतं.